शिडीवरचा ठेकेदार

आमच्या जावईबापूंना सगळा मोहल्ला टेस्टर म्हणून ओळखतो. सुताराच्या कानावर पेन्सिल असते तसा यांच्या कानावर टेस्टर असतो. जेवताना असतो, दाढी करताना असतो, आणि लग्नाच्या फोटोतही आहे. फोटोवाल्याने दोनदा खुणावलं, तरी यांना वाटलं तो हसायला सांगतोय, म्हणून हे आणखी मोठ्याने हसले. माझी मुलगी म्हणाली, "राहू दे, त्याच्याशिवाय ते ओळखू येणार नाहीत." मी सासू असल्यामुळे मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आज तोच फोटो भिंतीवर आहे आणि आल्यागेल्याला मीच तो कौतुकाने दाखवते.

त्यांची दुसरी सवय खिशातली. कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी मेन बंद करायचा, तिथला पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसून काढायचा आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचा. नुसतं बंद करून भागत नाही. खाली कोणीतरी अतिशहाणा येतो, "अरे, लाइट का गेली?" म्हणतो आणि बटण वर करून मोकळा होतो. फ्यूज खिशात असला की असल्या शहाण्यांचं काही चालत नाही. पंचाईत एवढीच की काम झाल्यावर फ्यूज परत लावायचा असतो, हे कधीकधी जावईबापू विसरतात. एकदा गिऱ्हाइकाचा फ्यूज खिशात घेऊन घरी आले, चहा पीत बसले, आणि तिकडे ते बिचारं कुटुंब अंधारात यांच्या नावाने शंख करत होतं. तेव्हापासून दारातून आत आले की माझी मुलगी आधी त्यांचा खिसा चाचपते.

असा हा माणूस. वर्षानुवर्षं एका मोठ्या ठेकेदाराकडे वायरमन होता. त्या ठेकेदाराला सगळे थोरले मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याशिवाय जगात कोणाचं पान हलत नाही असा त्याचा ठाम समज होता. जावईबापूंनी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांच्या रोजच्या लाकडी शिडीकडे बोट दाखवलं आणि चारचौघांत म्हणाले, "ही शिडी मी दुसऱ्या कोणाला देत नाही. इथेच भिंतीला टेकवून ठेवतो. तू सहा महिन्यांत परत येशील, तेव्हा शोधाशोध नको."

जावईबापू हसत घरी आले आणि हसतच आम्हाला सांगितलं. पण त्या दिवशी चहात साखर नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही, यावरून मी काय ते समजले.

मग आमच्या घरात ठेकेदारी सुरू झाली. पुढच्या खोलीत एका बाजूला माझं शिवणयंत्र होतं, दुसऱ्या बाजूला त्यांचं टेबल आलं. दारावर पाटी लागली, 'विद्युत ठेकेदार'. कार्डं छापली. कडक कॉलरचे दोन शर्ट आले. त्यातल्या एकाची कॉलर मीच उसवून पुन्हा लावून दिली, कारण मान वळवता येत नव्हती. जुन्या कामावरचा त्यांचा जोडीदार, उंच, किडकिडीत आणि सदा खोखो हसणारा, तोही थोरल्या मालकांना रामराम ठोकून यांच्याकडे आला. पुढे नशीबही धावून आलं. गावच्या खेळाच्या क्लबाने नवा बॅडमिंटन हॉल बांधला होता आणि त्याचं विजेचं सगळं काम यांना मिळालं. क्लबच्या सेक्रेटरी बाई कडक होत्या. तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले, सामने ठरलेले. त्या दिवशी दिवे लागले तर पुढची दहा कामं दारात उभी राहणार होती. नाही लागले तर थोरल्या मालकांची शिडी भिंतीला टेकलेली होतीच.

सगळे आनंदात होते आणि माझ्या मुलीने एका सकाळी विषय काढला.

"अहो, मालकांकडे होतात तेव्हा तुम्हाला काही झालं असतं तर मालकांचा विमा होता."

"होता ना."

"आता मालक कोण?"

"मी." हे सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मग विमा कोणाचा?"

जावईबापूंनी कानावरचा टेस्टर काढला, बघितला आणि परत ठेवला. उत्तर सुचलं नाही की ते असंच करतात.

दोन दिवसांनी विमावाल्या बाई घरी आल्या. मला वाटलं होतं गोड बोलून गळ्यात काहीतरी मारतील. तशा त्या नव्हत्या. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग यांचं काम काय, किती उंचीवर, कोणाबरोबर, सगळं विचारलं, आणि सावकाश समजावलं. अपघाताचा विमा एकाच प्रकारचा नसतो. एकात माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला तर घरच्यांना मोठी रक्कम मिळते. दुसऱ्यात माणूस जिवंत असतो, बरा होणार असतो, पण तोवर काम करू शकत नाही. तेव्हा दर आठवड्याला घर चालण्यापुरते पैसे येतात. काही विमे फक्त कामावरच्या अपघाताला चालतात, काही चोवीस तास. आणि आपल्या हाताखाली जो माणूस काम करतो, त्याचा विमा काढणं ही आपली जबाबदारी.

शेवटचं वाक्य संपायच्या आत जावईबापू म्हणाले, "जोडीदाराचा आजच काढा. तो शिडीवर चढतो, विजेच्या तारांशी काम करतो, सगळं नीट लिहा. त्यात काटकसर नको."

मला बरं वाटलं. हा माणूस असाच आहे. बाईंनी जोडीदाराचे कागद भरले. मग यांचे काढले. नाव झालं, वय झालं, आणि बाईंनी विचारलं, "तुमच्या कामाचं स्वरूप काय लिहू?"

जावईबापूंनी नवी कॉलर सारखी केली. "ठेकेदार. देखरेख."

"स्वतः शिडीवर चढता?"

"छे. माझी माणसं चढतात."

माझं शिवणयंत्र थांबलं. मी थांबवलं नाही, पाय आपोआप थांबला.

"कोणती माणसं?" मी विचारलं.

"आई, तुम्ही जरा..."

"नाही, मला मोजू द्या. जोडीदार एक. आणि दुसरा कोण? त्याचं लिहिताना शिडी होती. तुमचं लिहिताना शिडी कुठे गेली? एकाच शिडीवर तो वायरमन आणि तुम्ही साहेब?"

विमावाल्या बाईंनी हसू चष्म्याआड लपवलं. त्या म्हणाल्या, "देखरेख लिहिलं तर हप्ता कमी बसेल हे खरं. पण साहेब, विम्यात जे लिहाल तेच खरं धरतात. लिहिलं टेबलावर आणि पडलात शिडीवरून, तर पैसे मागताना घोडं अडेल."

खरं सांगते, प्रश्न हप्त्याचा नव्हताच. इतकी वर्षं 'ए वायरमन, इकडे ये' ऐकून कान किटलेल्या माणसाने दारावर ठेकेदार म्हणून पाटी लावली होती. आता छापील कागदावर पुन्हा 'शिडीवर चढतो' लिहायचं? त्यांना ते पाटी खाली उतरवल्यासारखं वाटत होतं. चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. ते म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि कागद तसाच टेबलावर राहिला.

मी गप्प बसणारी नव्हते आणि त्याला कारण आहे. माझे यजमान इमारती रंगवायचे. एकदा परांचीवरून खाली आले. परांची म्हणजे ती दोरीने लटकवलेली फळी. लोक म्हणाले देवाची कृपा, जीव वाचला. वाचलाच. कंबर मोडलेला माणूस खाटेवर आणि घरात मी, लहान मुलगी आणि एक झाकण न लावलेलं रंगाचं डबडं. ते बरे होईपर्यंत जे दिवस आम्ही काढले, त्यांत त्यांनी एकदा भिंतीकडे तोंड करून म्हटलं होतं, "गेलो असतो तर तुमची सोय झाली असती." कुठल्याच बाईला हे वाक्य ऐकायला लागू नये. त्या वर्षी मी शिवण शिकले. यजमान पुढे चालायला लागले, हसायला लागले, सुखाने जगले आणि म्हातारपणी शांतपणे गेले. पण ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. दुधाने तोंड पोळलेली मी, ताकसुद्धा फुंकूनच पिणार.

तर पुढचे काही दिवस घरात अबोला होता. म्हणजे बोलणं होतं, पण 'आई, जेवण वाढता का' आणि 'जावईबापू, पंखा बंद करा' एवढंच. कागद टेबलावर पडून होता. मुलगी दोघांच्या मधून कप-बशा नेत होती आणि दोघांवरही डोळे वटारत होती. सांगून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. मी ठरवलं, आता सांगायचं नाही.

एका दुपारी त्यांचा डबा मीच घेऊन हॉलवर गेले. आत शिरले आणि मान वर केली तर डोळेच फिरले. एवढं उंच छत मी फक्त मालगोदामात पाहिलं होतं. नव्या लाकडी जमिनीवर जाड कापड पसरलेलं, त्यावर माणसाच्या तिप्पट उंचीची शिडी, खाली शिडी धरून जोडीदार, आणि वर, अगदी छताला चिकटून, दोन पाय. चपलांवरून नाही, पायजम्याच्या... चुकले, पँटच्या मुडपलेल्या कडेवरून ओळखले. ती कड मीच शिवली होती.

मी शिडीखाली उभी राहिले आणि हॉलभर घुमेल असं विचारलं, "मला ठेकेदार साहेबांना भेटायचंय. कुठे बसतात ते?"

वरचे पाय स्थिर झाले.

"इथलं काम देखरेखीने चालतं असं ऐकलंय," मी म्हटलं. "साहेबांचं टेबल कुठे असेल?"

 मग वरून, छतातून यावा तसा, बारीक आवाज आला, "मीच, आई."

जोडीदार एवढा हसला, एवढा हसला की शिडी थरथरायला लागली. वरून ओरडा आला, "अरे गाढवा, हस नंतर, आधी शिडी धर!"

जावईबापू खाली उतरले. अंगभर चुन्याची धूळ, भुवया पांढऱ्या, कानावर टेस्टर. खिशातून फ्यूज काढून डब्याच्या झाकणाजवळ ठेवला आणि मुकाट्याने जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "आई, दिवे कोर्टाच्या बरोबर डोक्यावर लावायचे नसतात. खेळणारा वर बघतो, शटलचं फूल दिसत नाही, डोळे दिपतात. कडेने लावावे लागतात आणि प्रत्येकाचा कोन वेगळा. ते जोडीदारालाही जमत नाही. मलाच चढावं लागतं."

"मग त्यात लाज कसली?" मी म्हटलं. "दुसऱ्याला जमत नाही ते तुम्हाला जमतं. लोक मिरवतात असलं."

ते झाकणाजवळचा फ्यूज बोटांनी फिरवत राहिले. "लाज नाही," ते म्हणाले. "फक्त वाटलं होतं, आता उतरलो."

त्या एका वाक्याने माझा सगळा राग गेला. मी त्यांच्या भुवयांवरचा चुना पदराने पुसला, जोडीदाराकडे बघून डोळे वटारले म्हणजे तो हसणार नाही, आणि घरी आले. संध्याकाळी जावईबापूंनी स्वतःहून विमावाल्या बाईंना फोन लावला.

बाई आल्या. कामाचं स्वरूप म्हणून त्यांनी लिहिलं: ठेकेदार, स्वतः शिडीवर चढून वायरिंगचं काम करतो. जावईबापूंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "स्वतः या शब्दाखाली रेघ मारता येईल का?" बाई म्हणाल्या, तशी पद्धत नाही.

खरं भांडण तर पुढेच होतं. हप्ता वाढला होता, अंथरूण तेवढंच होतं, त्यामुळे सगळं घेता येणार नव्हतं. जावईबापूंना मोठी रक्कम हवी होती. "मला काही झालं तर तुम्हाला कमी पडायला नको. विजेचं काम आहे. शॉक लागला तर माणूस दवाखान्यापर्यंतही जात नाही."

हे सगळ्या वायरमनांचं असंच असतं, असं बाई म्हणाल्या. त्यांना विजेची भीती असते, म्हणून विजेपासून ते इतके जपतात की वीज त्यांना सहसा काही करत नाही. करते ती शिडी. पण विमा काढताना डोळ्यासमोर येते ती वीजच.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही आम्हाला तुमच्या मागे राणी करायला निघालात, आभारी आहोत. पण तुम्ही जिवंत आहात आणि हातपाय मोडून घरात बसला आहात, तेव्हा दूध कोण आणणार ते आधी सांगा."

ते हसले, पण माझी मुलगी हसली नाही. ती तिच्या वडिलांच्या खाटेच्या कडेला वाढली होती. तिने शांतपणे बाईंना सांगितलं, "मोठी रक्कम कमी करा. आठवड्याची वाढवा. आणि चोवीस तासांचा घ्या, हे घरातही स्टुलावर चढतात. पहिला आठवडा विमा देत नाही ना? तो आम्ही काढू." नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मला तुमचे पैसे नकोत. तुमचं बरं होणं परवडायला हवं."

जावईबापूंनी टेस्टर कानावरून काढला नाही. सही केली.

आता शिडीची गोष्ट. हॉलचं काम अर्ध्यावर आलं होतं. पहिल्या कोर्टाचे सगळे दिवे बसले, फ्यूज लावला आणि बटण दाबलं. जोडीदार सांगतो, नव्या लाकडावर असा उजेड पडला की दोघंही बघतच राहिले. मग एका दिव्याचा कोन थोडा चुकलाय असं वाटून जावईबापू पुन्हा चढले, तो सारखा केला आणि उतरायला लागले. उतरताना नजर वर. आपलंच काम आपल्यालाच इतकं आवडलं की पावलं मोजायचं भान राहिलं नाही. जमीन आली असं समजून पाय टाकला आणि एक पायरी बाकी होती. फक्त एक. सबंध शिडी उतरून आलेला माणूस वीतभर उंचीवरून उजव्या हाताच्या तळव्यावर आदळला. मनगटातून कट्कन आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "शेवटच्या पायरीवरच पडतात सगळे." प्लास्टर कोपरापर्यंत गेलं आणि हात गळ्यातल्या झोळीत आला.

ते घरी आले तेव्हा चेहरा पाहवत नव्हता. दुखण्याने नव्हे. "आई, तारीख जवळ आली. आता थोरले मालक म्हणतील..." आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मला एकदम ती खाट आठवली, भिंतीकडे वळलेलं ते तोंड आठवलं. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "जावईबापू, भिंतीकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघा." का ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीला ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली.

दावा लावला. विम्याचा तपास करणारा माणूस आला. चेहऱ्याने आंबट, बोलायला सरळ. दारावरची पाटी वाचत वाचतच आत शिरला.

"ठेकेदार ना तुम्ही?"

"हो."

"मग शिडीवर काय करत होता?"

 जोडीदारसुद्धा पहिल्यांदाच गंभीर होता. जावईबापूंनी मान वर केली.

"काम," ते म्हणाले.

मुलीने कागदाची प्रत समोर ठेवली. त्या माणसाने वाचलं, "स्वतः शिडीवर चढून..." आणि त्याचा आंबटपणा एकदम उतरला. तो म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखे छोटे ठेकेदार सगळे कागदावर खुर्चीत बसलेले असतात आणि पडतात मात्र शिडीवरून. त्यांना समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो. तुमच्याकडे मला नुसता चहा प्यायचाय." जोडीदाराने जबाब दिला, डॉक्टरांचे कागद दाखवले, आणि माणूस खरोखरच चहा पिऊन गेला.

पहिला आठवडा माझ्या शिवणयंत्राने ओढला. शाळेचे गणवेश आले होते, तेही देवासारखे. मग विम्याचे पैसे यायला लागले, आणि काय सांगू, घर चाललं! दूध आलं, भाडं गेलं, औषधं आली, आणि क्लबने कामासाठी दिलेल्या आगाऊ रकमेला कोणी हात लावला नाही. त्या रकमेतून जावईबापूंनी आणखी एक वायरमन रोजावर घेतला. माझे यजमान पडले तेव्हा त्यांचं हातातलं काम दुसऱ्याने नेलं होतं. इथे काम जागच्या जागी राहिलं. त्या दिवसांत मी यंत्रावर बसून गाणं म्हणत होते असं मुलगी सांगते. मला आठवत नाही, पण असेल.

आणि जावईबापू रोज हॉलवर जायला लागले. कोर्टाच्या मधोमध एक खुर्ची टाकून, गळ्यात हात अडकवून, मान वर करून बसायचे. "अजून डावीकडे. तेवढं नाही. आता थोडं मागे. थांब!" मी डबा घेऊन गेले की म्हणायचे, "बघा आई, शेवटी देखरेखच नशिबी आली. उंटावरून शेळ्या हाकतोय." पण बसल्या जागी त्यांचे पाय जमिनीवर शिडीची पायरी शोधत असायचे, हे मी पाहिलं आहे. संध्याकाळी प्रत्येक दिव्याखाली स्वतः उभे राहून, डाव्या हातात रॅकेट घेऊन, वर बघून खात्री करायचे. एकही दिवा डोळ्यांत येत नव्हता.

ठरलेली तारीख आली. हॉल भरला. खेळाडू आले, त्यांचे आईबाप आले, क्लबची मोठी मंडळी आली. सेक्रेटरी बाई हातात माइक घेऊन इकडून तिकडे धावत होत्या. आणि दारात थोरले मालक. त्यांना कोणी बोलावलं माहीत नाही, बहुतेक त्यांनीच स्वतःला बोलावलं असावं.

नव्या वायरमनाने दुपारी शेवटचा एक जोड घट्ट केला होता, त्यामुळे दिव्यांच्या लाइनचा फ्यूज बाहेर होता. बाईंनी माइकवर सांगितलं, आता दिवे लागतील. जोडीदार मेनजवळ उभा राहून हात पुढे करतोय, आणि फ्यूज नाही. अख्खा हॉल वाट बघतोय.  मग जावईबापू गर्दीतून माझ्याकडे आले, लाजल्यासारखे, आणि हळूच म्हणाले, "आई, जरा खिशातला फ्यूज काढता का? या झोळीखाली माझा डावा हात जात नाही."

मी झोळी थोडी उचलली आणि त्यांच्या छातीवरच्या खिशातून फ्यूज काढला. गरम झाला होता, अंगाच्या उबेने. जोडीदाराच्या हातात दिला. त्याने तो बसवला आणि मोठं बटण वर केलं.

लागले! सगळ्या कोर्टांवर एकदम लागले, आणि लोकांनी 'आहा' केलं ते मला अजून ऐकू येतं. पहिलं फूल उडालं, एका पोरीने वर बघितलं आणि डोळे न मिचकावता मारलं. टाळ्या पडल्या त्या तिला पडल्या, पण मी त्यातल्या अर्ध्या मनातल्या मनात घरी नेल्या. माझी मुलगी रडत होती आणि तिला ते कबूल नव्हतं.

सेक्रेटरी बाईंनी माइकवर विचारलं, "आमचे ठेकेदार कुठे आहेत? पुढे या!"

थोरल्या मालकांनी मान उंचावून बघितलं. मी जावईबापूंकडे बघितलं. ते कोर्टाच्या मधोमध गेले, गळ्यात झोळी, कानावर टेस्टर, नव्या शर्टाची कॉलर वाकडी, आणि माइक नको म्हणून हाताने सारत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी. शिडीवरचा."

लोक हसले. कशाला हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं, पण त्यांचा आनंद बघून हसले.

नंतर चहाच्या टेबलाजवळ थोरले मालक आले. प्लास्टरकडे बघितलं, छताकडे बघितलं, पुन्हा प्लास्टरकडे बघितलं. "इतके आठवडे कसं निभावलंस?" त्यांनी विचारलं. जावईबापूंनी सांगितलं.  मालक इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "त्या विमावाल्या बाईंचा नंबर देशील? माणसांचे विमे आहेत रे सगळ्यांचे. माझाच नाही. मीसुद्धा अजून चढतो. कोणाला सांगू नकोस."

जावईबापूंनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, स्वतःच्या कार्डाच्या मागे नंबर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात टेम्पो थांबला. मालकांनी ती लाकडी शिडी पाठवली होती.